लिस्टमध्ये शोधत बसायचं की आधी मॅप करून घ्यायचा? (दूध बिलाचा कोड, जावा आणि थोडं सी शार्प)

दूधबिल_डेव्ह
मंडळी, विषय काढतोय, भांडणं होणार माहीत आहे तरी काढतोय. आम्ही कोल्हापूर जिल्ह्यातल्या गावोगावच्या दूध संस्थांसाठी बिलाचं सॉफ्टवेअर करतो, जावामध्ये. सध्या जुना कोड साफ करायचं काम चाललंय आणि जिथं बघावं तिथं एकच प्रकार, सभासदांची अ‍ॅरेलिस्ट घ्यायची, फॉर लूप फिरवायचा, सभासदाचा नंबर म्हणजे कोड जुळला की ब्रेक, लूप थांबला. संकलनात तेच, अ‍ॅडव्हान्स कपातीत तेच, पशुखाद्याच्या उधारीत पण तेच. माझं मत सरळ आहे, ज्या गोष्टीला नंबर आहे ती लिस्टमध्ये शोधायचीच नाही. डेटाबेसमधून यादी आली की तिथल्या तिथं एकदा हॅशमॅप करायचा (की म्हणजे शोधायचा नंबर दिला की यादी न फिरता थेट नोंद देणारा तक्ता) आणि पुढं सगळीकडं नुसतं गेट, म्हणजे की देऊन नोंद मागायची.

हिशोब करून बघा. समजा संस्थेत 3000 सभासद, सकाळ-संध्याकाळ दोन वेळा, दहा दिवसांचं बिल, म्हणजे 60,000 नोंदी. प्रत्येक नोंदीला सरासरी अर्धी लिस्ट फिरायची, 1500 तुलना. झाल्या 9 कोटी. मॅपला 60,000 गेट, विषय संपला. लूपच्या बाजूनं बोलायला शिल्लक काय राहतं ते कुणीतरी सांगा.

जुनं_खोड_शाहूपुरी
राहतं की भावा, भरपूर राहतं. 9 कोटी ऐकायला लई मोठं वाटतंय पण नुसते आकडे जुळवायचे असतील तर आजच्या साध्या लॅपटॉपला ते सेकंदाच्या आसपासचं काम आहे, आणि बिल निघतं दहा दिवसातनं एकदा. सेक्रेटरीला चहा ओतून घ्यायला जास्त वेळ लागतो. तुमचं बिल जर स्लो असेल तर आधी हे बघ की प्रत्येक नोंदीला डेटाबेसकडं फेरी मारताय का, दहातनं नऊ वेळा दुखणं तिथं असतंय आणि पोरं इथं लूपला शिव्या देत बसतात.

दुसरं म्हणजे मॅप केलास की सभासद कोड युनिक आहे असं तू धरून चाललास. आपल्याकडं एकाच घरातनं म्हशीचं दूध येतं आणि गाईचं पण येतं, कोड एक, खाती दोन. कलेक्टर्स टूमॅप (यादीचा मॅप करणारं जावाचं तयार फंक्शन), त्याला तीच की दुसऱ्यांदा दिसली तर इलीगलस्टेट एक्सेप्शन, म्हणजे एरर देऊन काम थांबतं, ते पण बिलाच्या रात्री, संस्थेत माणसं वाट बघत बसलेली असताना. माझा लूप निदान चालतो तरी.

सी_शार्पवाली_कागल
खोड साहेब, चालतो म्हणजे काय करतो ते पण सांगा ना. पहिली नोंद जुळली की ब्रेक, म्हणजे यादीत म्हैस आधी असेल तर गाईचं दूध पण म्हशीच्या खात्यावर, आणि यादीचा क्रम बदलला की उलटं. टूमॅप ओरडतो तरी, तुमचा लूप गप्प राहून चुकीचं बिल काढतो आणि ते सभासदाच्या लक्षात येईपर्यंत कुणाला कळत नाही. ओरडणारा कोड मला कधीही चालेल.

यापेक्षा वाईट म्हणजे ज्यांना तो एक्सेप्शन नको असतो ते टूमॅपला तिसरं आर्ग्युमेंट देऊन टाकतात, दोन आले तर पहिला ठेव. झालं, गाय गायब. आमच्याकडं सी शार्पमध्ये टूमॅपच्या जागी टूडिक्शनरी आहे, ते असाच आर्ग्युमेंट एक्सेप्शन टाकतं आणि एका कीला अनेक गोष्टी असतील तर त्यासाठी टूलुकअप आहे, त्यात नसलेली की मागितली तर नुसता रिकामा क्रम मिळतो, काही फुटत नाही. जावामध्ये हेच काम ग्रुपिंगबाय करतो, एका कीमागं सगळ्या नोंदींची लिस्ट. म्हणजे भांडण लिस्ट का मॅप हे नाहीच, तुमच्या सभासद कोडमागं एक वस्तू आहे का अनेक, हे आधी ठरवा.

दूधबिल_डेव्ह
ताई, हेच म्हणायचं होतं मला. आणि खोड काका, लूप सोपा सोपा म्हणताय तर हे घ्या. आमच्या त्याच जुन्या कोडमध्ये सभासद कोड इंटिजर ऑब्जेक्ट म्हणून ठेवलाय आणि लूपमध्ये तुलना डबल इक्वलनं केलीय, जे आकडा नाही तर ऑब्जेक्ट तोच आहे का ते बघतं. जावा -128 ते 127 एवढे इंटिजर कॅशमध्ये ठेवतं त्यामुळं 127 नंबरच्या सभासदापर्यंत सगळं कसं झकास, 128 पासून पुढं 'सभासद सापडला नाही'. टेस्टिंग करणाऱ्यानं पन्नास सभासद टाकून ओके दिलेलं असणार. मॅपचं गेट आतून इक्वल्सच वापरतं, म्हणजे आतला आकडा जुळतो का ते बघतं, तिथं ही भानगड होतच नाही.

जुनं_खोड_शाहूपुरी
ती भानगड लूपची नव्हे, लिहिणाऱ्याची. इंट ठेव की साधा.

रंकाळा_फेरी
एमसीएला आहे, प्रोजेक्ट चाललाय म्हणून विचारतो. लिस्टमध्ये सभासद दिसतोय, प्रिंट केला तर नाव येतंय, पण लिस्ट डॉट कंटेन्स फॉल्स देतंय. मग एका सीनियरनं सांगितलं इक्वल्स लिही, लिहिलं, लिस्टमध्ये ट्रू यायला लागलं. आता दादा लोकांचं ऐकून लिस्टचा हॅशसेट केला तर परत फॉल्स. मग लिस्टच बरी म्हणायची का?

सी_शार्पवाली_कागल
हॅशकोड (ऑब्जेक्टवरून काढलेला, कप्पा ठरवणारा आकडा) लिहिला नसणार तू. लिस्ट एकेकाला इक्वल्स विचारत जाते म्हणून तिला सापडलं. हॅशसेट आधी हॅशकोड बघून कप्पा ठरवतो आणि त्या कप्प्यातच इक्वल्स विचारतो, तुझ्या दोन ऑब्जेक्टचे हॅशकोड वेगळे म्हणून तो भलत्याच कप्प्यात हात घालतोय. दोन्ही एकत्र लिही, त्याच फील्डवर. किंवा जावा 16 च्या पुढं असशील तर रेकॉर्ड कर, दोन्ही आपोआप मिळतात. आणि सेटमध्ये टाकल्यावर ती फील्ड बदलू नकोस, नाहीतर तुझा सभासद आत असून पण तुला कधी सापडणार नाही.

फॅट_एसएनएफ
आता मी बोलतो, कारण दरपत्रकाचं कुणी बोललंच नाही आणि खरी मजा तिथं आहे. सभासद शोधणं पोरखेळ आहे, दर शोधणं नाही. फॅट आणि एसएनएफ (फॅट सोडून दुधातले बाकीचे घन घटक) यांवरून लिटरचा दर काढायचा, दरपत्रक म्हणजे एक मोठी यादी, प्रत्येक ओळीत फॅट आणि त्याचा दर. एका हुशार पोरानं लिस्ट काढून हॅशमॅप केला, की म्हणून फॅटचा बिगडेसिमल (जावाचा दशांश आकड्यांचा प्रकार). मशीनकडनं आलं 6.5, डेटाबेसच्या कॉलममध्ये दोन दशांश म्हणून तिथनं आलं 6.50. आता बिगडेसिमलचं इक्वल्स म्हणतंय 6.5 आणि 6.50 वेगळे, कारण ते स्केल, म्हणजे दशांशानंतर किती आकडे ते पण बघतं. गेट केलं की नल, म्हणजे काहीच नाही. पुढं कुणीतरी नल आला तर दर शून्य असं लिहून ठेवलेलं, म्हणजे म्हशीचं दूध घालणाऱ्याचं बिल शून्य रुपये. त्या माणसानं ऑफिसात येऊन काय काय म्हटलं ते इथं लिहिण्यासारखं नाही.

जुन्या लूपमध्ये कम्पेअरटू होता, त्याला दोन्ही सारखेच. म्हणजे लूपवाला कोड बरोबर होता आणि कन्व्हर्ट करताना मोडला. दूधबिल भावा, याला काय म्हणशील?

जुनं_खोड_शाहूपुरी
नाद खुळा. हेच मी कधीपासनं सांगतोय. लिस्टमध्ये तुलना तू स्वतः लिहितोस, डोळ्यासमोर असते. मॅप केलास की तुलना मॅप करणार, त्याच्या पद्धतीनं, आणि तुला पत्ता पण नाही.

दूधबिल_डेव्ह
म्हणीन की, यात मॅप चुकला नाही, चुकीचा मॅप घेतला. ट्रीमॅप (की क्रमानं लावून ठेवणारा मॅप) घेतला असता तर तो कम्पेअरटूच वापरतो, 6.5 आणि 6.50 एकच. वर फ्लोअरएन्ट्री फुकट मिळते, म्हणजे दरपत्रकात 6.5 नंतर एकदम 6.7 असेल आणि दूध 6.6 चं आलं तर खालचा दर आपोआप सापडतो, लूपमध्ये ते लिहायचं तर आधीची ओळ धरून ठेवा आणि पुढचीशी ताडून बघा, कशाला ती झकझक. आणि खरं सांगायचं तर फॅट दशांशात ठेवायचाच कशाला, दहानं गुणून 65 ठेवा, इंट, मिटलं. हॅशमॅप पण चालेल मग.

फॅट_एसएनएफ
65 वाली आयडिया पटली. ट्रीमॅपवाली नाही, कारण एसएनएफ पण आहे, एका कीवर भागत नाही, मॅपमध्ये मॅप घालावा लागतो आणि मग वाचणाऱ्याची वाट.

गूळ_मार्केट
सगळे मॅप मॅप करताय, बायनरी सर्च कुणाला आठवत नाही का. लिस्ट सॉर्ट करा, कलेक्शन्स बायनरीसर्च मारा, दर तुलनेला यादी अर्धी होत जाते, 3000 मध्ये 12 तुलनांत सापडतंय, मॅपची जास्तीची मेमरी नको. काही कन्व्हर्ट करायला नको.

सी_शार्पवाली_कागल
चालेल, पण सभासद कोड स्ट्रिंग, म्हणजे मजकूर म्हणून ठेवलेले असतील तर सॉर्ट कसा होणार बघा, "10" हा "9" च्या आधी येतो. सॉर्ट एका पद्धतीनं आणि सर्च दुसऱ्या पद्धतीनं झाला की उत्तर काहीही येतं, एक्सेप्शन पण येत नाही. आणि नाही सापडलं की -1 येईल असं समजून इफ लिहिणारे शेकड्यानं बघितलेत. -1 नाही येत नेहमी, ज्या जागी घालायला पाहिजे ती जागा उणे करून त्यातनं अजून एक वजा, असं येतं. त्यामुळं शून्यापेक्षा लहान आहे का एवढंच बघायचं.

तसं बघितलं तर आमच्याकडंपण असलं आहेच. लिस्टचं फाइंड नाही सापडलं तर डिफॉल्ट देतं. ऑब्जेक्ट असेल तर नल, ठीक. पण लिस्ट ऑफ इंट असेल तर शून्य, आता शून्य सापडला का काहीच सापडलं नाही, ओळखायचं कसं? तिथं फाइंडइंडेक्स वापरायचं, ते खरंच -1 देतं.

पांढरा_रस्सा
इथं सगळे जुन्या जमान्यातले दिसताय. स्ट्रीम लावा (यादीवर एकामागं एक पायऱ्या लावायची जावाची पद्धत), फिल्टर, फाइंडफर्स्ट, एका ओळीत काम. 2014 साली जावा 8 आलं, अजून फॉर लूपवर भांडताय 😂

दूधबिल_डेव्ह
मर्दा, स्ट्रीम फिल्टर म्हणजे तोच लूप, कपडे नवीन. यादी पहिल्यापासनंच बघतो तो पण. लिहायला छान, त्याबद्दल वाद नाही, पण शोध त्यानं फास्ट होत नाही.

आणि स्ट्रीमवाल्यांचं दुसरं एक दुखणं सांगतो. एडिटरनं पिवळी खूण दाखवली म्हणून आमच्या एकानं कलेक्टर्स टूलिस्ट काढून सगळीकडं नुसतं टूलिस्ट केलं, जावा 16 पासनं आहे ते. दिसायला छोटं झालं. पण ते जी लिस्ट देतं ती बदलता येत नाही, आणि पुढं कुठंतरी चार फाइल सोडून त्याच लिस्टमध्ये नवीन सभासद अ‍ॅड होत होता, तिथं अनसपोर्टेड ऑपरेशन एक्सेप्शन. आधीचं चालत होतं ते पण नशिबानं, कारण कलेक्टर्स टूलिस्ट बदलता येणारी लिस्ट देईल अशी हमी कुठंच नाही, सध्या अ‍ॅरेलिस्ट देतं एवढंच. बदलायची असेल तर टूकलेक्शन लिहून अ‍ॅरेलिस्टच मागा.

पांढरा_रस्सा
हे माहीत नव्हतं. पण तरी स्ट्रीमच 😎

जुनं_खोड_शाहूपुरी
आता माझा एकच मुद्दा आणि मग मी मिसळ खायला जातो. दूधबिल, तुझ्यासारख्या मॅपप्रेमींचा कोड मी बघितलाय. फंक्शनचं नाव सभासद शोधा, आत पहिली ओळ काय, आलेल्या लिस्टचा मॅप करा, दुसरी ओळ, मॅप डॉट गेट, तिसरी ओळ रिटर्न. हे फंक्शन तुझ्याच 60,000 नोंदींच्या लूपमध्ये. म्हणजे प्रत्येक नोंदीला 3000 चा नवा मॅप, 18 कोटी पुट, आणि एक गेट करून मॅप कचऱ्यात. माझ्या 1500 तुलनांपेक्षा हे कितीतरी महाग, आणि लिहिणारा छाती काढून सांगतोय की मी मॅप वापरलाय.

दूधबिल_डेव्ह
ते बरोबर आहे, त्याला माझाही विरोधच. म्हणून पहिल्यांदाच लिहिलंय बघा, यादी येते तिथल्या तिथं एकदा. मॅप करायचा तो रिपॉझिटरीत (डेटाबेसमधून यादी आणणाऱ्या भागात), आणि पुढच्या फंक्शनला लिस्ट द्यायचीच नाही, मॅपच द्यायचा, म्हणजे परत कन्व्हर्ट करायचा मोह कुणाला व्हायला नको. एकदाच शोधायचं असेल तर लूपच मारा, एका शोधासाठी मॅप करणं म्हणजे पूर्ण यादी फिरणं झालंच की.

जुनं_खोड_शाहूपुरी
हं. म्हणजे एकदा शोधायचं असेल तर लूप, हे तू मान्य केलंस. नोंदवून ठेवा रे कुणीतरी.

बरं, आता गाय-म्हशीचं सांग. की काय ठेवणार आहेस शेवटी?

दूधबिल_डेव्ह
दोन पर्याय आहेत. कोड आणि प्रकार मिळून एक रेकॉर्ड आणि तीच की. पण पशुखाद्याच्या उधारीत प्रकार नसतो, तिथं नुसता कोड येतो, त्यामुळं मी ताईंचं ग्रुपिंगबाय घेणार. कोड दिला की त्या सभासदाची खाती.

जुनं_खोड_शाहूपुरी
खाती म्हणजे कशात येणार ती?

दूधबिल_डेव्ह
लिस्टमध्ये.

जुनं_खोड_शाहूपुरी
आणि त्यातनं म्हशीचं खातं कसं काढणार?

दूधबिल_डेव्ह
दोनच तर असतात काका. फॉर लूप.