शिबिरात पडद्यामागे राबलेल्यांनो, इथे लिहा

भायखळेकरीण
काल दादरला कर्जत लोकलच्या गर्दीत पिवळ्या टीशर्टातली पंचवीसेक मुलं दिसली. मागे एक बाई, दोन्ही हातांत मोठाले टोप, त्यात डाव-झारे कोंबून वरून ओढणीने बांधलेले. मुलं आत शिरली, गाणी सुरू. ती बाई दारापाशी उभी राहून डोकी मोजत होती. एकदम पोटात कालवलं.

आमच्या मंडळीचं, म्हणजे चर्चचं, मुलांसाठीचं उन्हाळी शिबिर माथेरानला असायचं. सात वर्षं मी स्वयंपाकघरात. ऐंशी मुलं, नाश्त्याला ६ किलो पोहे, दुपारी ८ किलो तांदूळ. दस्तुरी नाक्यापुढे गाडी जात नाही, त्यामुळे सगळं घोड्यावर नाहीतर हमालाच्या डोक्यावर. सात वर्षांत मी एकही संदेश, म्हणजे प्रवचन, पूर्ण ऐकला नाही. भिंतीपलीकडे टाळ्या वाजल्या की समजायचं, कुणीतरी कंठपाठाचं बायबलचं वचन बिनचूक म्हटलं. गलका वाढला की आमटीला फोडणी, कारण आता दहा मिनिटांत पोरं सुटणार.

पहिली दोन वर्षं मला याचं फार वाईट वाटायचं. येता-जाता कुणीतरी "काय मार्थाबाई" म्हणायचं (बायबलमधली मार्था, येशू घरी आला तेव्हा ऐकत बसायचं सोडून कामातच गुंतलेली), मग जास्तच. एकदा दुपारी पाळकबाई येऊन शेजारी बसल्या आणि बायबलमधल्या योहानाच्या शुभवर्तमानाच्या २१ व्या अध्यायाची आठवण करून दिली. पुनरुत्थानानंतर प्रभू येशू किनाऱ्यावर कोळशाच्या विस्तवावर मासळी भाजतो आणि रात्रभर दमलेल्या शिष्यांना न्याहारीला बोलावतो. "प्रभूनेसुद्धा चूल पेटवली होती गं," एवढंच बोलल्या आणि कांदे चिरायला घेतले. त्यानंतर मला कधी बाहेर बसावंसं वाटलं नाही.

तुम्ही काय केलंय? लिहा ना.

रात्रपाळीवाला
मी मुलांच्या खोलीबाहेर झोपायचो. कर्जतजवळचं शिबिर. पहाटे साडेतीनला आठ-नऊ वर्षांचा एक पोरगा कोपऱ्यात उभा, चादर पाठीमागे लपवलेली. काही विचारलं नाही. माझी चादर त्याला दिली, त्याची धुतली. दोरीवर एकटी दिसू नये म्हणून माझ्या दोन चादरी पण भिजवून शेजारी टाकल्या. दुपारी जेवणाच्या रांगेत तो माझ्याकडे न बघता त्याच्या वाटणीचा बुंदीचा लाडू माझ्या ताटात ठेवून गेला. आज तो बाप झाला असेल.

कुकरची_शिट्टी
रात्रपाळीवाले दादा, रडवलंत. बाकी नंतर लिहिते, कुकर लावलाय.

गोरेगावकर
माथेरान म्हणजे माकडं!! आमच्या ब्रेडच्या अकरा लाद्या नेल्या एका सकाळी. खिडकीला जाळी होती, दाराची कडी त्यांनी काढली. मुलांना उपमा दिला, त्यांना तो जास्त आवडला.

नवी_सून
भायखळेकरीणताई, ऐंशी जणांचे पोहे कोरडे कसे पडत नाहीत? माझे वीस जणांचे पडतात.

भायखळेकरीण
सगळे एकदम भिजवायचेच नाहीत गं. दोन-दोन किलो चाळणीत घेऊन वरून पाणी, पाच मिनिटं निथळू द्यायचे. फोडणी तीन वेळा वेगळी. टोपावर झाकण घालून वर ओला पंचा. आणि मीठ-साखर पोह्यांना आधीच चोळून ठेव, नंतर ढवळलेस की लगदा.

वसईचा_नातू
आमच्याकडे फादर पॅरिशच्या मुलांना मे महिन्यात तीन दिवस शिबिराला न्यायचे. आजोबा कधी चर्चमध्ये पुढे बसले नाहीत, भाषण नाही, काही नाही. पण शिबिराच्या आदल्या रात्री राजेळीची सुकेळी, म्हणजे सुकवलेली राजेळी केळी, मोजायला बसायचे. प्रत्येक मुलाला एक, वर पाच जास्त, "कुणाची तरी मातीत पडते". केळीच्या वाळक्या पानात बांधलेली ती पुडकी. आजोबा गेले त्या वर्षी पुडकी मी बांधली. गाठ त्यांच्यासारखी जमली नाही, वाटेत दोन सुटली.

नवी_सून
मीठ आधी! हेच चुकत होतं. थँक्यू ताई.
सुकेळी आता कुठे मिळतात?

वसईचा_नातू
वसईच्या बाजारात विचारा, पण करणारी घरं कमी झालीत.

लालबागची
मी ख्रिस्ती नाही, लिहिलं तर चालेल ना? चाळीजवळच्या चर्चमध्ये व्हीबीएस (सुट्टीतली बायबल शाळा) असायची, आई आम्हा दोघी बहिणींना पाठवायची, दुपारभर घरात धिंगाणा नको म्हणून. गोष्टी सांगणाऱ्या टीचरचा चेहरा आठवत नाही. दारात कोकम सरबत देणाऱ्या मावशी लख्ख आठवतात. ग्लास देताना प्रत्येकाचं नाव घ्यायच्या. पन्नास मुलांची नावं! मुंबईत मराठी चर्च इतकी जुनी आहेत हे मला खूप उशिरा कळलं.

कुकरची_शिट्टी
आले. हो, अमेरिकन मराठी मिशनचे पहिले मिशनरी १८१३ सालीच मुंबईत उतरले होते. भायखळ्याचं ह्यूम मेमोरियल, गिरगावातलं अंब्रोली, ही मराठी उपासनेचीच चर्च.
आता माझं. मी कपडे आणि औषधं बघायचे. प्रत्येक मुलाच्या औषधाच्या पिशवीवर नाव आणि वेळ, दोऱ्याने शिवलेलं, कारण शाई घामाने जाते. एक गोष्ट सांगू का, मनात राहिलीय. एका वर्षी समारोपाला सगळ्यांचे आभार मानले, आचारी आणि भांडी घासणाऱ्या दोघी राहिल्या. फोटोही त्यांच्याशिवाय झाला. त्या दोघी तेव्हा आत मुलांच्या परतीच्या डब्यांत पुऱ्या भरत होत्या. मी आत जाऊन सांगितलं तर म्हणाल्या, "असू दे गं, आधी झाकणं लाव." मी तेव्हाच बाहेर जाऊन बोलायला हवं होतं. नाही बोलले, ते अजून लागतं.

गोरेगावकर
खरंय ताई. आमच्याकडे त्यानंतर फोटो स्वयंपाकघरातच काढायचं ठरलं. मुलं टोपांच्या मध्ये बसतात, काजळी लागते, आया ओरडतात.

रात्रपाळीवाला
यंदा आमच्या मंडळीचं शिबिर मेच्या दुसऱ्या आठवड्यात, डोंबिवलीच्या हॉलमध्येच. ६० मुलं. आचारी मिळालाय, कांदे-बटाटे चिरायला हात कमी आहेत.

लालबागची
शनिवारी सुट्टी आहे मला. मी आले तर चालेल? सरबतही करेन, आगळ गावचं आहे.

रात्रपाळीवाला
या हो. सकाळी सहाला.

भायखळेकरीण
मीही येते. लालबागची, दादरला पावणेपाचला भेट, कल्याण स्लो पकडू. विळी मी आणते.