फ्रोजन हुरडा आणि मटण विमानानं दिल्लीला न्यायचंय, पॅक कसं करू?

जानेवारीत मंगळवेढ्याच्या रानातला गुळभेंडी हुरडा चोळून निवडून डीप फ्रीजरला टाकलेला, तीनेक किलो आहे. दिल्लीच्या ताईचं दोन महिने एकच, हुरडा आण आणि आईच्या हातचं कोरडं मटण आण. फ्लाइट पुण्याहून. इथनं पुणे अडीचशे किलोमीटर, मग दोन तास आधी एअरपोर्ट, दोन तास विमान, वर दिल्लीचं ट्रॅफिक, म्हणजे घर ते घर अकरा तास धरा आणि बाहेर ऊन ४२ डिग्री. शेजारचे काका म्हणतात विमानाच्या पोटात एवढी थंडी असते की माल आपोआप गोठलेला राहतो, खरंय का?

निवांत_सोलापूरकर: काकांना नमस्कार सांगा. सामानाचा कप्पा गार असतो पण तो फ्रीजर नव्हं ओ मालक, आणि विमान उशिरा सुटलं तर बॅग उन्हात ट्रॉलीवर पडून राहते ते वेगळंच. औषधाच्या दुकानात जाड थर्माकोलचा खोका मागा, इन्सुलिन येतं तसला, फुकट देतात. हुरडा झिपलॉकमध्ये पापडासारखा चपटा करून गोठवा, थप्पी लावा, मधे मटण, आणि कुठं पोकळी राहिली तर पेपर कोंबा, कारण रिकामी जागा म्हणजे गरम हवा. खोका निघायच्या अगदी आधी भरायचा, आदल्या रात्री नाही. चेक-इनलाच टाका, केबिनला बहुतेक ७ किलोच असतं आणि जेल पॅक वितळला तर सिक्युरिटीला वाद घालत बसा.

हुरडापार्टी: ड्राय आइस (म्हणजे गोठवलेला कार्बन डायऑक्साइड) पण चालतो, माणशी अडीच किलोपर्यंत, पण विमान कंपनीला आधी विचारून परवानगी घ्यायची. खोका हवाबंद करू नका, ड्राय आइस वितळत नाही, थेट गॅस होतो, वाट मिळाली नाही तर खोका फुटतो. गाडीत हा गॅस साठू नये म्हणून काच थोडी खाली ठेवा. खरं सांगू का, अकरा तासांना एवढी उठाठेव नको, पाण्याच्या बाटल्या गोठवून घाला, तिथं प्यायला पण होतात.

माहेरवाशीण_बाळीवेस: मटण पोचल्यावर आत बर्फाचे कण दिसले तर परत फ्रीजरला चालतं, कोमट लागलं तर वास बघत बसू नका, टाकून द्या. आणि सुकं खोबरं नेऊ नका हं, तेलामुळं आपोआप तापून पेटू शकतं म्हणून चेक-इनलाही चालत नाही.

प्रश्न विचारणारा: पोचलो. बाटल्याच घातल्या. कडेच्या दोन पाकिटांतला हुरडा मऊ पडलेला, मटण मात्र दगड. खोबऱ्याचं वाचलेलं म्हणून बॅग तपासली तर आईनं गपचूप चार वाट्या साड्यांत सारलेल्या, काउंटरच्या अलीकडं काढल्या आणि ड्रायव्हरला दिल्या. मऊ पडलेली दोन पाकिटं ताईनं तव्यावर गरम केली, शेंगाचटणी टाकून उभ्याउभ्याच संपवली, मला विचारलं पण नाही.