नाव विचारताना दर वेळी 'मे आय नो युअर नेम, प्लीज' कशाला?

वाटसरू
'व्हॉट्स युअर नेम' हे उद्धट आहे, इंग्रजीत नाव विचारताना कायम 'मे आय नो युअर नेम, प्लीज' म्हणा, असा सल्ला देणारी पोस्ट काल वाचली आणि डोकं फिरलं. त्या वाक्यात उद्धट काही नाही. वर्गात शेजारी बसलेल्याला सगळे असंच विचारतात. खटकतं ते त्याचं अचानक येणं. बोलणं सुरू व्हायच्या आधीच नाव मागितलं की चौकशी चालल्यासारखं वाटतं. म्हणून मोठी माणसं गप्पांमध्ये बहुतेकदा नाव विचारतच नाहीत. दोन-चार वाक्यं होतात, मग 'आय अ‍ॅम सॅम, बाय द वे' म्हणून थांबतात. समोरची आपसूक 'ओह, आय अ‍ॅम रूथ' म्हणते. झालं काम! 'मे आय हॅव युअर नेम' हे काउंटरवर किंवा फोनवर शोभतं. गप्पांत वापरलं की समोरच्याला वाटतं, आता फॉर्म भरून घेणार.

रोखठोक
हे ज्यांना इंग्रजी सहज येतं त्यांचं झालं. अनोळखी माणसासमोर ज्याची जीभ टाळूला चिकटते, त्याला एक बिनधोक वाक्य पाठ हवं असतं. 'प्लीज' लावल्याने कुणाचं काय बिघडलं? आणि मी स्वतःचं नाव सांगून थांबलो तेव्हा समोरचा 'नाइस टू मीट यू' म्हणून मोकळा झाला. नाव सांगितलंच नाही. आम्ही दोघं नुसते उभे. शेवटी विचारावं लागलंच ना?

वाटसरू
मग विचारा की, 'अँड व्हॉट्स युअर नेम?' आपलं नाव आधी दिलेलं असलं की तोच प्रश्न मऊ होतो. फक्त 'अँड यू आर?' जपून वापरा. भुवई चढवून म्हटलंत तर 'तू कोण टिकोजीराव' असंच ऐकू येतं.

मधुमालती
विचारण्याचं राहू द्या, आधी सांगणं सुधारा. 'मायसेल्फ अमुक तमुक' ऐकलं की माझ्या अंगावर काटा येतो. 'आय अ‍ॅम' म्हणायला काय जातं? आणि फोनवर 'धिस इज' म्हणतात.

मृण्मयी
सांगण्याचा विषय निघालाच आहे तर बोलते. पहिल्याच मीटिंगमध्ये एकाने विचारलं, 'कॅन आय कॉल यू मिया?' मी म्हटलं, 'इट्स मृण्मयी.' सावकाश, दोन तुकडे करून. त्याने ते तसेच कागदावर लिहून घेतले, दोनदा पुटपुटला आणि मीटिंग संपेपर्यंत नीट म्हणायला लागला. तरी बाहेर आल्यावर आपलेच लोक मला म्हणाले, एवढं काय अडून बसायचं!

रोखठोक
बरोबरच म्हणाले. कॅथरीन केट होते, रॉबर्ट बॉब होतो. त्यांची नावं झिजत नाहीत, आपलीच झिजतात?

मृण्मयी
कॅथरीन स्वतः सांगते, 'आय गो बाय केट.' निवड तिची असते. विल्यमला न विचारता बिल म्हणून बघा, अनेकांना खपत नाही. नाव माझं, सोय दुसऱ्याची, आणि समजूतदारपणा मात्र मीच दाखवायचा? हा कुठला न्याय?

रोखठोक
आवाज चढवू नका. मी व्यवहाराचं बोलतोय. लोकांना नाव घेता आलं नाही तर ते हाकच मारत नाहीत. मीटिंगमध्ये तुमचं मत विचारायचं सोडून शेजारच्याला विचारतात. मी हे भोगलंय, म्हणून सांगतोय.

मृण्मयी
मग चूक त्यांची आहे. तुमच्या नावाची नाही.

कोरा कागद
भांडण थोडं थांबवा. अवघडच कशाला, सोपं नावही लोक विसरतात. माल्कम ब्रेनर या संशोधकाने १९७३ साली प्रयोग करून दाखवलं होतं की पाळीपाळीने शब्द मोठ्याने वाचायला लावले, तर आपल्या पाळीच्या अगदी आधी दुसऱ्यांनी वाचलेलं सगळ्यात कमी लक्षात राहतं. ओळखी करून घेताना हेच होतं. समोरचा नाव सांगतो तेव्हा आपण मनात आपलंच वाक्य जुळवत असतो. त्यामुळे पुन्हा विचारायला लाजू नये. लगेच असेल तर 'सॉरी, आय डिडन्ट कॅच युअर नेम.' थोड्या वेळाने असेल तर 'व्हॉट वॉज युअर नेम अगेन?' तिथला 'वॉज' फक्त नम्रतेचा आहे. अर्धा तास नाव टाळत बोलण्यापेक्षा हे केव्हाही बरं.

मधुमालती
आणि फोनवर स्पेलिंग सांगताना बी, डी, पी, व्ही सारखेच ऐकू येतात. विमानवाल्यांची अल्फा, ब्राव्हो, चार्ली ही यादी, म्हणजे ए, बी, सी अशा दर अक्षराला एक ठरलेला शब्द, १९५६ पासून वापरात आहे, ती पाठ करा. दर वेळी नवीन शब्द शोधत बसू नका.

रोखठोक
बरं, गप्पांमध्ये आधी आपलं नाव सांगावं, हे मान्य. पण फोनवर माझं 'मे आय' राहणार.

वाटसरू
राहू द्या की. पहिल्या पोस्टमध्ये मी तेच लिहिलं होतं.

मृण्मयी
आणि माझ्या मुद्द्याचं काय?

रोखठोक
तुमचं नाव तुम्ही सांगाल तसं घेईन. पण माझ्या मुलाला मी छोटं नावच सांगायला शिकवणार.

मृण्मयी
आधी त्याला विचारा.