मदत हवी आहे: ऑस्ट्रेलियातल्या स्टुअर्ट हायवेवरून जुन्या तारमार्गाच्या (ओव्हरलँड टेलिग्राफ लाइन) खुणा

जुलैत पोर्ट ऑगस्टा ते डार्विन, साधारण २,७०० किमी, गाडीने जातोय. गाडी भाड्याची, साधी टू-व्हील ड्राइव्ह. करारात कच्च्या रस्त्याला सक्त मनाई. म्हणजे १९८७ मध्ये सगळा हायवे डांबरी होण्याआधीचा किंगून्याकडचा जुना रस्ता बाद (हळहळ आहेच). ग्लेनडॅम्बो ते कूबर पीडी अडीचशे किमी पंप नाही, हे ठाऊक आहे. गुरं-कांगारूंमुळे रात्री चालवणार नाही.

अ‍ॅलिस स्प्रिंग्ज, बॅरो क्रीक, टेनंट क्रीक इथली जुनी तारकेंद्रं यादीत आहेत. अडलंय पुढे. २२ ऑगस्ट १८७२ ला तारेची दोन टोकं जोडली गेली ते फ्र्यूज पाँड्स नकाशात हायवेपासून थोडं आत दिसतं, पण फाटा डांबरी की मातीचा ते कळत नाही. अलीकडे कुणी गेलंय का? साधी गाडी तिथवर जाते, की हायवेवर लावून चालत जाता येतं?