मदत हवी आहे: रॉक गाण्यात हलगीची चढती लय कशी सांभाळावी?

नमस्कार मंडळी,

आम्ही कोल्हापुरातले सहा जण गेली काही वर्षे पोवाडे आणि गोंधळगीते सादर करतो. हलगी, डफ, संबळ आणि तुणतुणे एवढाच आमचा सरंजाम. यंदा प्रथमच इलेक्ट्रिक गिटार आणि बेस घेऊन एक रॉक गाणे सुटे प्रसिद्ध करावे असे ठरले, ध्वनिमुद्रणाचे दोन दिवसही झाले, आणि नेमके हलगीपाशी गाडे अडले आहे.

पट्टीचा प्रश्न सुटला. आमचे शाहीर काळी दोनमध्ये गातात, म्हणून गिटारच्या सहाही तारा अर्ध्या स्वराने उतरवल्या. आता सर्वांत जाड तार मोकळी छेडली की शाहिरांचा षड्ज मिळतो. लयीचे मात्र काही जमेना. ध्वनिमुद्रकाने मिनिटाला ११२ ठोक्यांचा क्लिक ट्रॅक (ठरावीक वेगाची टिकटिक) कानात दिला. आमचे हलगीवाले काका खासबागेतल्या कुस्त्यांना वाजवत आलेले आहेत. पैलवानांची खडाखडी चालू असताना लय धरून ठेवायची आणि डाव रंगात आला की चढवायची, हे त्यांच्या मनगटात मुरलेले आहे. क्लिकवर त्यांनी एकही ठोका चुकवला नाही, पण कडव्याच्या शेवटी ‘जी जी रं जी’ म्हणताना जी लय आपसूक उचलली जाते, ती जागच्या जागी खिळून राहिली. क्लिक काढल्यावर गाण्यात जीव आला. मात्र अखेरीस वेग १२६ वर गेला आणि त्यावर नंतर गिटार वाजवणारा मुलगा प्रत्येक कडव्यात ठेचकाळला.

वेगवेगळ्या टेकमधले चांगले तुकडे जोडावेत, तर तेही होत नाही. सध्याच्या दमट हवेत हलगीचे कातडे सैल पडते. स्टुडिओत जाळ करता येत नाही, म्हणून काका दर दोन टेकनंतर जिन्याखाली जाऊन वर्तमानपत्राचा कागद पेटवतात आणि हलगी शेकून आणतात. शेकलेली हलगी आणि थंडावलेली हलगी यांचा आवाज इतका निराळा येतो, की जोड लगेच कानाला लागतो.

हलगी बाजूला ठेवून ड्रम सेट घ्यावा, असे ध्वनिमुद्रकाने सुचवले आहे. मला ते पटत नाही. स्टीलआय स्पॅन हा इंग्लिश लोकसंगीताचा गट १९६९ साली स्थापन झाला आणि इलेक्ट्रिक गिटार व बेस असूनही त्यांनी कायमचा ड्रमवादक घेतला तो १९७३ मध्ये. फेअरपोर्ट कन्व्हेन्शन या दुसऱ्या इंग्लिश गटाने मात्र लोकगीतांना थेट ड्रमचीच जोड दिली, हेही खरे. अर्थात दोघांकडेही हलगी नव्हती!

माझा विचार असा आहे, की शाहीर, हलगी आणि गिटार यांचे मुद्रण क्लिकशिवाय एकत्रच करावे, गिटारचा अँप्लिफायर शेजारच्या खोलीत ठेवावा आणि नंतर हलगीच्या ठोक्यांवरून संगणकात टेम्पो मॅप (बदलत्या लयीचा आराखडा) आखून त्यावर बेस वाजवून घ्यावा. ज्यांनी लोकवाद्यांसाठी असे काम केले आहे, त्यांनी कृपया सांगावे: मॅप आखताना प्रत्येक ठोका धरावा, की फक्त आवर्तनाची सम? प्रत्येक ठोका धरला, तर बेसही हलगीसारखा धावता वाटेल अशी मला भीती आहे. तसेच, कातडे तासभर एकाच ताणावर राहावे यासाठी कागद जाळण्यापेक्षा बरा उपाय कोणी वापरला असल्यास तोही कळवावा, कारण पुढच्या वेळी आम्हाला तळघरातली खोली मिळाली आहे आणि तिथे जिनाही जवळ नाही.