अनुभव धागा : घरातली फरशी बाहेर नेताना

बैठकीची खोली आणि बाहेरची पडवी, गच्ची किंवा अंगण एकसंध दिसावं म्हणून आतबाहेर एकाच रूपाची टाइल लावतात. हे काम नेमकं कुठे फसतं, ते मापं, साहित्य आणि क्रमासकट लिहा. 'छान दिसतं' एवढंच नको.

ओळंबा
टाइल बघायला जाण्याआधी उंबऱ्याची पातळी ठरवा. बाहेरची तयार फरशी आतल्यापेक्षा १५ ते २० मिमी खाली हवी आणि ढाळ घरापासून लांब, मीटरला १० ते २० मिमी. चार मीटर खोल गच्चीला दीड टक्का धरला तर ६० मिमीचा फरक पडतो. त्यावर कोबा, गोंद आणि टाइलची जाडी आहेच. एवढी उंची आधी राखलेली नसेल तर पाणी दाराकडेच येणार. आतबाहेर सपाटच हवं असेल तर सरकत्या दाराच्या पूर्ण रुंदीला जाळीची नाली द्या. दाराच्या चौकटीला खालून पाणी जायला बारीक भोकं असतात, ती ग्राउटने (टाइलांचे सांधे भरायच्या मिश्रणाने) बुजवू देऊ नका. वॉटरप्रूफिंगनंतर गळती तपासायला ४८ तास पाणी कोंडून ठेवा, मगच पुढचा थर.

फरशीकर
टाइल किती घसरते ते आर क्रमांक सांगतो, आकडा मोठा तितकी खरखरीत. बाहेर आर-११, आत आर-९ किंवा आर-१०. आर-१३ घराला नको, पोछ्याचे धागे अडकतात आणि मळ निघत नाही. बाहेर पोर्सेलिन घ्या, म्हणजे पाणी शोषण अर्ध्या टक्क्याच्या आत. भिंतीच्या टाइल स्वस्त दिसल्या तरी बाहेर जमिनीला चालत नाहीत.

खरी गोची मापात आहे. एकाच मालिकेतली आतली गुळगुळीत आणि बाहेरची खरखरीत टाइल, खोक्यावर दोन्हींना ६०० लिहिलेलं, पण टेप लावला तर एक ५९७ आणि दुसरी ६००! दहा टाइलांत ३० मिमी सांधा सरकतो. त्यात आत २ मिमी आणि बाहेर ५ मिमी ग्राउट म्हणजे रेषा जुळायची आशाच सोडा. म्हणून खोक्यावरचा शेड (रंगछटा) आणि कॅलिबर (खरं माप) क्रमांक बघा, दारात कोरडी मांडणी करा आणि दाराच्या मध्यरेषेपासून सुरुवात करा. जुळतच नसेल तर उंबऱ्यावर वेगळ्या दगडाची आडवी पट्टी टाका. अर्धवट जुळलेल्या रेषेपेक्षा ती कितीतरी बरी दिसते. १० टक्के माल जादा घ्या, तिरक्या मांडणीला १५.

दातेरी_थापी
बाहेर चार कोपरे आणि मधे एक असे गोंदाचे गोळे ठेवून टाइल दाबणारा कारागीर दिसला की काम थांबवा. मधल्या पोकळीत पाणी साचतं, सांध्यांतून पांढरे क्षार वर येतात आणि टाचेखाली फरशी डबडब वाजते. १० मिमी दात्याची थापी एकाच दिशेने ओढायची, टाइलच्या पाठीलाही पातळ हात द्यायचा. अधूनमधून एखादी टाइल ओली असतानाच उचलून बघा, पाठ ९५ टक्के तरी माखलेली हवी. उन्हात गोंदावर साय धरते. बोटाला चिकटला नाही तर खरवडून टाका, पाणी घालून परत कालवू नका.

बाहेर साधारण दर तीन मीटरवर आणि भिंतीलगत ८ मिमी फट सोडून ती लवचीक सीलंटने भरा. तिथे ग्राउट भरलं की उन्हाळ्यात फरशी तंबूसारखी उठते. गडद रंग जास्त तापतो आणि अनवाणी पाय भाजतात ते वेगळंच.

माळीकाम
वाफ्याची माती टाइलच्या काठापेक्षा २५ ते ३० मिमी खाली ठेवा, नाहीतर प्रत्येक पावसात चिखल फरशीवर. भिंतीलगत माती जोत्याच्या ओलरोधक थराखाली (जमिनीतली ओल भिंतीत चढू न देणाऱ्या) किमान १५० मिमी, आणि फूटभर रुंदीची खडीची पट्टी. गच्चीवर वजन मोजा: ३० सेंमी ओली माती चौरस मीटरला ५०० किलोच्या आसपास जाते. त्यामुळे आधी अभियंता, मग माळी. वाफ्याच्या तळाशी ड्रेन सेल (पाणी वाहून नेणारे पोकळ प्लास्टिकचे तुकडे), त्यावर जिओटेक्स्टाइल (पाणी जाऊ देणारं, माती अडवणारं कापड), मग माती. उलटं केलं तर मातीचा गाळ नाली तुंबवतो.

वड, पिंपळ, फायकस यांची मुळं फरशी उचलतात. पळता बांबू मूळरोधक पत्र्याशिवाय नकोच. तुती आणि जांभळाखाली फिकट ग्राउट म्हणजे आपणहून डाग मागून घेणं.

पुसणारी
काम झाल्यावर टाइलवर राहिलेला सिमेंटचा पडदा काढायला हायड्रोक्लोरिक आम्ल ओतू नका, ते ग्राउटच खातं. आधी सांधे पाण्याने भिजवून मग सौम्य सल्फॅमिक आम्ल वापरा आणि भरपूर पाण्याने धुवा. चुनखडीच्या दगडावर मात्र कुठलंच आम्ल नको, लिंबाच्या थेंबानेही झिलई जाते.

ओळंबा
एक राहिलं. नालीची जाळी उचलता येईल अशीच बसवून घ्या. गोंदाने चिकटवलेली जाळी पहिल्याच पानगळीत फोडावी लागते.