टाकीत २५५चा पंप घालायचा की आधी वायर बदलायची?

माजिवडा_सिग्नल
टर्बो लावली की ठाण्यातल्या कुठल्याही गॅरेजात पुढचं वाक्य ठरलेलं: "इंजेक्टर मोठे घेऊ, टाकीत वाल्ब्रो २५५ टाकू, मग बघायलाच नको." वाल्ब्रो २५५ म्हणजे तासाला सुमारे २५५ लिटर पेट्रोल ढकलणारा फ्युएल पंप. माझं मत वेगळं आहे. रोज घोडबंदर रोडने ऑफिसला जाणाऱ्या आणि दोनशे हॉर्सपॉवरच्या आत राहणाऱ्या गाडीला हा पंप फार मोठा होतो, आणि खरा दोष त्याच्याआड लपून राहतो.

गाडी जुनी होंडा सिटी व्हीटेक, कंपनीतून आली तेव्हा १०६ बीएचपी. छोटी टर्बो, बूस्ट (टर्बो इंजिनात हवा ढकलते तो जादा दाब) ०.५ बार. पेट्रोलचं प्रेशर ठरवणारा रेग्युलेटर रेलवर, म्हणजे इंजेक्टरना पेट्रोल देणाऱ्या नळीवर; उरलेलं पेट्रोल टाकीत नेणारी रिटर्न लाइन आहे.

हिशेब असा. टर्बो पेट्रोल इंजिनाला एका हॉर्सपॉवरमागे ताशी साधारण ०.६ पौंड पेट्रोल लागतं. २०० ला झाले १२० पौंड, म्हणजे ५४ किलो, म्हणजे ७४ लिटरच्या आसपास. वर पंचवीस टक्के राखीव धरले तरी ९२ लिटर. उरलेलं सगळं रेलपर्यंत जाऊन, तापून, टाकीत परत. गायमुखच्या जॅममध्ये आयडलिंगला गाडी तासाला जेमतेम लिटरभर पेट्रोल पिते. टाकीत दहा लिटर असतील तर अडीच-तीन मिनिटांत सगळं पेट्रोल बॉनेटखालून फेरी मारून येणार. मे महिन्यात टाकी गरम, पंप ओरडतोय, आणि त्याच्या तोंडाशी वाफ धरली की प्रेशर पडलं. म्हणजे ज्या भीतीने पंप घेतला तीच पदरात.

आता वायर. इंजिन चालू ठेवून बॅटरीवर मोजा, १३.८ व्होल्ट दिसेल. मग टाकीवरच्या कनेक्टरवर मोजा. वीस वर्षांच्या वायरिंगवर साडेअकरा दिसले तर नवल नाही. व्होल्टेज उतरलं की मोटर मंदावते, आणि प्रेशरखालचा फ्लो बराच खाली येतो. बॅटरीपासून जाड वायर, फ्यूज, रिले (बारीक करंटवर मोठा करंट चालू-बंद करणारा स्विच), डिकीत घासून स्वच्छ केलेलं अर्थिंग. हे आधी करा, मग पंपाचं बोला.

तुर्भे_एमआयडीसी
हिशेब बरोबर, निष्कर्ष चूक. तुमचे ९२ लिटर कुठल्या प्रेशरला? पंपावरचा आकडा ठरावीक प्रेशरचा आणि ठरावीक व्होल्टेजचा असतो. रेग्युलेटर बूस्टला जोडलेला असेल तर ०.५ बार बूस्टला रेलवरचं प्रेशर ३ चं ३.५ होतं. पंपाला तेवढं जास्त ढकलावं लागतं आणि फ्लो घटतो. तुमचा जुना पंप झिजलेला, जाळी अर्धी चोंदलेली, फिल्टर कधी बदलला ते कोणाला आठवत नाही. त्यात आता पेट्रोल पंपावर ई२० (वीस टक्के इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल) मिळतं. इथेनॉलमध्ये पेट्रोलपेक्षा सुमारे एक तृतीयांश ऊर्जा कमी, म्हणजे तेवढ्याच ताकदीला सहा-सात टक्के जास्त इंधन. तुमचे राखीव पंचवीस टक्के असे संपतात.

आणि पंप कमी पडतो तो सांगून नाही. खालच्या आरपीएमला गाडी गुळगुळीत चालते. सहा हजारला फुल थ्रॉटलवर प्रेशर पडतं, मिक्स्चर लीन होतं (हवेच्या मानाने पेट्रोल कमी), नॉकिंग (मिक्स्चर अवेळी पेटणं) सुरू होतं आणि पिस्टनच्या रिंगमधली कड तुटते. इंजिन खोलायचा खर्च आणि पंपाची किंमत शेजारी लिहून बघा.

माजिवडा_सिग्नल
झिजलेला पंप बदला, त्याला कोण नाही म्हणतंय? माझा आक्षेप २५५ला आहे. कंपनीचा रेग्युलेटर आणि बारीक रिटर्न लाइन एवढं पेट्रोल परत नेऊ शकत नाही, म्हणून आयडलिंगलाच रेलचं प्रेशर वर चढून बसतं. गाडी रिच (पेट्रोल जास्त), प्लग काळे, पीयूसीला नापास. मग गॅरेजवाला म्हणतो, "आता अ‍ॅडजस्टेबल रेग्युलेटर घ्या." एकातून दुसरा खर्च.

तुर्भे_एमआयडीसी
घ्याच मग. बूस्टवर चालणाऱ्या गाडीला चांगला रेग्युलेटर नको तर काय सीटकव्हर हवं?

ऐरोली_टीएसआय
मध्येच बोलते, कारण आमच्या ग्रुपमधला एक जण हे वाचून पोलो जीटीसाठी पंप शोधायला लागलाय. टीएसआयवाल्यांनी या वादात पडू नये. आपल्या या फोक्सवॅगन टर्बो इंजिनात डायरेक्ट इंजेक्शन आहे, पेट्रोल थेट सिलिंडरमध्ये जातं. टाकीतला पंप फक्त पुढच्या पंपापर्यंत पेट्रोल पोचवतो. पुढचा कॅमशाफ्टवर चालणारा हाय प्रेशर पंप ते शंभर बारच्या वर नेतो. ईसीयूचा (इंजिनाच्या कॉम्प्युटरचा) मॅप बदलून ताकद वाढवल्यावर बऱ्याचदा कमी पडतो तो हा. टाकीतल्या पंपाचा वेगही ईसीयू ठरवतो. लॉग काढा, रेल प्रेशर मागितलं किती आणि मिळालं किती ते बघा.

वाशी_सेक्टर१७
सगळे हुशार आहात, पण चालवणार कुठे? पामबीचला ६०ची मर्यादा आणि कॅमेरे, घोडबंदरला खड्डे. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ वाचा. आरसीवरच्या तपशिलाशी जुळणार नाही असा बदल करता येत नाही, आणि सुप्रीम कोर्टाने जानेवारी २०१९ मध्ये हे पुन्हा ठणकावून सांगितलंय. कलम १८२अ खाली मालकाला प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही.

कोपरखैरणे_टर्बो
काका, टाकीतला पंप हवालदाराला दिसत नाही 😄

वाशी_सेक्टर१७
विम्याच्या सर्व्हेयरला दिसतो. आणि पंपाचं सोडा, बॉनेट उघडलं की टर्बो लपवणार कुठे?

माजिवडा_सिग्नल
काकांचा मुद्दा मला मान्य आहे, त्यावर वाद घालत नाही. पण ज्या गाड्या रस्त्यावर आहेत त्यांना निदान आग लागू नये, म्हणून रिलेबद्दल सांगतो. बरेच वायरमन रिलेचा ट्रिगर सरळ इग्निशनच्या वायरवरून घेतात, कारण ते पाच मिनिटांचं काम. गाडी ठोकली, इंजिन बंद पडलं, पण चावी ऑन आहे. पंप फिरतच राहतो आणि फुटलेल्या लाइनमधून पेट्रोल सोडत राहतो. ट्रिगर पंपाच्या मूळ वायरवरूनच घ्यायचा, म्हणजे इंजिन थांबलं की ईसीयू पंप बंद करतो. आणि फ्यूज बॅटरीच्या जवळ, डिकीत नको. वायर मध्येच पत्र्याला घासली तर डिकीतला फ्यूज काय कामाचा?

तुर्भे_एमआयडीसी
इथे शंभर टक्के सहमत. त्यात माझी भर: टाकीच्या आत साधा फ्युएल पाइप कापून लावू नका. तो आतून पेट्रोल सहन करतो, बाहेरून बुडवला की फुगतो आणि मऊ पडतो. टाकीत बुडवायचा पाइप वेगळा येतो, त्यावर एसएई जे३०आर१० छापलेलं असतं. महाग आहे, पण लागतो वीतभर. "नवीन पंप टाकला तरी प्रेशर येत नाही" अशा तक्रारीत मी आधी तोच पाइप बघतो.

कोपरखैरणे_टर्बो
मग शेवटी काय, मी २५५ घेऊ की नको?

माजिवडा_सिग्नल
आधी वायर आणि फिल्टर. मग रेलवर प्रेशर गेज लावा, केबिनमधून दिसेल असा. तिसऱ्या गिअरला फुल थ्रॉटल. बूस्ट जेवढा वाढतो तेवढंच प्रेशर वाढून रेडलाइनपर्यंत टिकलं, तर पंप पुरतोय. पैसे टायरना ठेवा.

तुर्भे_एमआयडीसी
ही चाचणी अशी करू नको रे! प्रेशर पडलेलं डोळ्यांना दिसेपर्यंत फुल थ्रॉटल धरलास तर तेवढ्यातच पिस्टन जाईल. पेट्रोलची लाइन केबिनमध्ये आणायची नाही, सेन्सर लाव आणि आत फक्त वायर घे. सोबत वाइडबँड (मिक्स्चर लीन की रिच ते दाखवणारा सेन्सर) हवाच. बूस्ट ०.३ वर ठेव, ते पण डायनोवर (गाडी जागेवर पळवून ताकद मोजायचं मशीन), पामबीचवर नाही. तिथे प्रेशर टिकलं तर ०.१ ने वाढव. कुठे ढळायला लागलं की थांब आणि पंप घे. २५५ घ्यायचा की त्याहून लहान, ते तेव्हा तुझ्या आकड्यांवरून ठरवू.

माजिवडा_सिग्नल
म्हणजे आधी मोजायचं, मग पंप घ्यायचा. सकाळपासून मी तेच लिहितोय.

तुर्भे_एमआयडीसी
तुम्ही "पैसे टायरना ठेवा" लिहिलंय. वर जाऊन वाचा.